फलश्रुती नसलेलं पुस्तक

राजशेखर अप्पांनी ते पुस्तक घेतलं ते माणसांपासून जरा सुटका मिळावी म्हणून. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते पाहिलेल्या कुणालाही आता हे पटायचं नाही. खुद्द अप्पांनाही कधीकधी पटत नाही.

अप्पा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. लातुरात राहून पाटबंधारे खात्यात नोकरी करणं म्हणजे काय असतं, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. लग्नात जा, बारशाला जा, कटिंगच्या दुकानात जा, समोरचा माणूस आधी नाव विचारतो, मग खातं विचारतो आणि तिसरा प्रश्न विचारतो, “मग पाणी कधी?” अप्पा आस्थापनेवर होते. त्यांच्या टेबलावर लोकांच्या रजा होत्या, पाणी नव्हतं. पण हे कुणी ऐकून घेत नसे. पुढं अप्पा निवृत्त झाले. पगार थांबला, प्रश्न थांबला नाही. शेवटी हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईनं उंबऱ्यातूनच पाण्याचं विचारलं, तेव्हा अप्पा तिच्यावर असे कडाडले की ती वाण न घेताच परत गेली. शिवकांताबाईंनी नवऱ्याला दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, काट्याकडे पाहिलं आणि गोळ्या लिहून दिल्या. वर म्हणाले, लोकांत जरा कमी बसा आणि काहीतरी चांगलं वाचत जा, धार्मिक वगैरे.

आता लातुरात पुस्तकांच्या दुकानांना तोटा नाही. अप्पा पहिल्या दुकानात गेले आणि मन शांत होईल असं काहीतरी द्या म्हणाले. दुकानदारानं विचारलं, मुलगा अकरावीला का बारावीला. अप्पा म्हणाले, मलाच पाहिजे. दुकानदारानं त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि मोठ्या आदरानं विचारलं, “रिपीटर?” दुसऱ्या दुकानात बायोलॉजी होती. तिसऱ्या दुकानात त्याच बायोलॉजीचे मागच्या वर्षांचे पेपर होते. अप्पा घरी आले आणि दोन गोळ्या घेऊन पडून राहिले.

पुस्तक मिळालं ते नांदेडात. साडूच्या मुलीचं लग्न उरकून अप्पा लातूरच्या गाडीची वाट पाहत बसले होते. गाडीला वेळ होता आणि बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थानं नुकतंच त्यांना खातं विचारलं होतं. अप्पा ताडकन उठले आणि समोरच्या पुस्तकांच्या गाड्यापाशी जाऊन उभे राहिले. गाड्यावर एक जाडजूड पुस्तक होतं. नाव ‘निवांत’. कव्हरावर तळं, तळ्याकाठी डोळे मिटून बसलेले शंकर आणि मागच्या बाजूला हात जोडून हसणारे लेखक. लेखक कुणी शिबिरं घेणारे सद्गृहस्थ होते. अप्पांनी मधलंच एक पान उघडलं. तिथं प्रकरणाचं नाव होतं, ‘लोकांपासून थोडे दूर बसा’. अप्पांनी घासाघीस न करता पुस्तक घेतलं. हे त्यांच्या हातून लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो अप्पांच्या वाचण्याच्या सवयीनं. अप्पांना मनातल्या मनात वाचता येत नाही. लहानपणी निलंग्याकडच्या गावी वडील श्रावणात पोथी वाचायचे ती अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी. ऑफिसातही अप्पा फायली मोठ्यानं वाचत. कुणाची रजा नामंजूर झाली हे जिन्यातच कळायचं. मोठ्यानं वाचल्याशिवाय अक्षर आत उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा संध्याकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून अप्पा पहिल्या मजल्याच्या सामाईक गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि ‘निवांत’ खणखणीत आवाजात वाचू लागले.

पुस्तक जड होतं. हात अवघडला. शिवकांताबाईंनी माळ्यावरून सासऱ्यांचं पोथी ठेवायचं घडीचं लाकडी व्यासपीठ काढून दिलं आणि खुर्चीपेक्षा खाली पाटावर बसा म्हणाल्या. व्यासपीठाला जुनं तेल होतं, पुस्तकाला डाग पडेल म्हणून त्यावर पिवळा कपडा अंथरला. डास फार होते आणि कॉइल संपली होती, म्हणून शेजारी दोन उदबत्त्या लावल्या. प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र कारण होतं. पण पाटावर बसलेला विभूती लावलेला माणूस, समोर पिवळ्या कपड्यावर ग्रंथ, शेजारी उदबत्ती आणि मुखानं मोठ्यानं वाचन, हे एकत्र दिसल्यावर आपल्याकडच्या माणसाला दुसरं काय वाटणार?

खालच्या मजल्यावरच्या अंबिकाअव्वांना तेच वाटलं. अव्वा सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, माहेरच्या उदगीरच्या. दोन्ही गुडघे गेलेले. त्या जिना धरून धरून वर आल्या, चपला बाहेर सोडल्या, पदर डोक्यावर घेतला, ग्रंथापुढं गुळाचा खडा ठेवून नमस्कार केला आणि भिंतीला टेकून बसल्या. अप्पा त्या वेळी ‘लोकांपासून थोडे दूर बसा’च वाचत होते. हे साधं पुस्तक आहे, बसस्टँडवर घेतलेलं, असं सांगायला त्यांनी तोंडही उघडलं. पण गुडघ्यांवर हात ठेवून एवढा जिना चढून आलेल्या बाईला उठवणार कसं? प्रकरण संपल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. प्रकरण संपलं तेव्हा अव्वा डोळे पुसत होत्या.

त्या उठताना शिवकांताबाईंच्या कानाशी लागल्या. मग शिवकांताबाईंनी ते आत येऊन नवऱ्याला सांगितलं. अव्वा मागच्या महिन्यात न्हाणीत घसरून पडल्या होत्या आणि दूधवाला येईपर्यंत कुणाला पत्ता लागला नव्हता. त्यांचा एकुलता मुलगा मृत्युंजय हैदराबादला मोठ्या कंपनीत होता. त्यानं आता ठरवलं होतं की आईला घेऊन जायचं, घर विकून टाकायचं. तिथं त्यांचं घर कुठल्याशा उंच इमारतीत, लिफ्टनं जायचं, शेजारी कोण राहतं ते मृत्युंजयलाच ठाऊक नाही. अव्वांच्या नवऱ्याची समाधी इथल्या स्मशानभूमीत. दर सोमवारी त्या रिक्षानं तिथं जाऊन बेल ठेवून येतात. त्यांना जायचं नव्हतं. पण मुलाला नाही म्हणायला तोंड नव्हतं, कारण पडल्या त्या दिवशी खरंच कुणी आलं नव्हतं.

“तर अव्वांनी संकल्प सोडलाय,” शिवकांताबाई म्हणाल्या. “तुमचं वाचन पुरं होऊस्तोर रोज यायचं, आन मला इथंच राहू दे म्हणून मागायचं.”

अप्पा हबकले. हा ग्रंथ नाही, त्यात मागण्याबिगण्याची काही सोय नाही, हे जाऊन सांग, असं ते बायकोला म्हणाले. शिवकांताबाईंनी सांगितलं की उदबत्ती मी लावली ती डासांसाठी, संकल्प तुमच्या आवाजावर सोडलाय, तुम्हीच सांगा. अप्पा जिन्यापर्यंत गेले. खाली अव्वांच्या दारातून देवाची घंटी ऐकू आली. अप्पा तसेच परत आले.

दुसऱ्या दिवशी अव्वांबरोबर वरच्याच मजल्यावरच्या, समोरच्या दारातल्या सिंधुबाई आल्या. सिंधुबाई आणि त्यांचे यजमान लिंबाजीराव मूळचे हदगावकडचे. तिकडं कापसाची शेती, इथं खताचं दुकान. सिंधुबाईंना नेमधर्माची पक्की माहिती होती. वाचणाऱ्यानं कांदा-लसूण खायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. वाचणाऱ्यानं गादीवर झोपायचं नाही, हे दुसऱ्या दिवशी. अध्याय सुरू असताना वाचणाऱ्यानं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे त्यांनी अप्पा तांब्याला हात घालत असतानाच सांगितलं. अप्पांनी तांब्या खाली ठेवला. आपण हे पुस्तक रक्तदाबासाठी वाचतोय, असं त्यांना एकदा ओरडून सांगावंसं वाटलं. पण तो दिवस नेमका ‘रागाला येताना ओळखा’ या प्रकरणाचा होता. त्यांनी रागाला ओळखलं आणि बसू दिलं.

आठवड्याभरात गॅलरी भरली. सिंधुबाईंच्या भिशीतल्या बायका आल्या, त्यांच्या सासवा आल्या. लिंबाजीराव दुकान बंद करून यायचे आणि खांबाला टेकून पहिल्या पानातच घोरायला लागायचे. ‘एकांताचे सुख’ हे प्रकरण अप्पांनी एवढ्या गर्दीत वाचलं की स्वतःच्या मांडीवरचा हात त्यांना काढून घेता येत नव्हता. ‘अपेक्षा सोडा’ वाचताना बायका माना डोलवत होत्या आणि मनातल्या मनात आपापली मागणी पुन्हा एकदा म्हणून घेत होत्या. ‘पाण्यासारखे व्हा’ हे प्रकरण अर्ध्यावर आलं आणि खालून कुणीतरी हाक दिली की नळ आले. लातुरात या हाकेपुढं ब्रह्मज्ञानही थांबतं. क्षणात गॅलरीत अप्पा, घोरणारे लिंबाजीराव आणि भिंतीला टेकलेल्या अव्वा एवढेच उरले. अप्पांनाही उठावंसं वाटत होतं, कारण घरची टाकी रिकामी होती. पण अव्वा हात जोडून बसल्या होत्या. अप्पांनी एकट्या अव्वांना पाण्यासारखं व्हायला सांगितलं.

लिंबाजीराव जागेपणी सल्ले देत. त्यांचं म्हणणं, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात नाही, म्हणजे तेवढं पुण्य फिजूल चाललंय, लाऊडस्पीकर लावा. अप्पा नको म्हणाले, तोवर लिंबाजीरावांनी भोंगा आणलाही होता. राहिली परवानगी. अप्पा नियमाचे पक्के. ते ठाण्यावर अर्ज घेऊन गेले. हवालदारानं विचारलं, कोणता ग्रंथ? निवांत. कोणत्या देवाचा? कोणत्याच नाही. मग पुढाऱ्याची जयंती का? तेही नाही. हवालदारानं अर्ज उलटा करून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं. देव न्हाई, पुढारी न्हाई, मग भोंगा कशाला पायजे, असा त्याचा सवाल होता आणि अप्पांना तो मनातून अगदी बरोबर वाटला. शेवटी कव्हरावरच्या शंकराच्या आधारानं एका दिवसाची परवानगी मिळाली. सही-शिक्का झाल्यावर हवालदारानं सहज विचारलं, “तुम्ही पाटबंधाऱ्यातले ना? मग पाणी कधी?”

भोंगा एकच दिवस चालला. त्या दिवशी ‘मौन’ हे प्रकरण होतं. समोरच्या होस्टेलात दुसऱ्या दिवशीच्या टेस्टचा अभ्यास चालला होता. होस्टेलच्या मालकीणबाई खाली येऊन उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, अप्पा, मौन जरा हळू वाचा. त्यात अपमान करण्याचा त्यांचा हेतू नव्हता. पण अप्पांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

असं करत करत पुस्तक संपत आलं. मृत्युंजयनंही येण्याचा दिवस कळवला, येत्या रविवारी. सिंधुबाईंनी रविवारीच उद्यापन ठरवलं. खालच्या मोकळ्या जागेत मांडव, मठाच्या शिवप्रसाद स्वामींची पाद्यपूजा आणि जेवायला हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. हुग्गीचा गहू अव्वा स्वतः निवडणार होत्या. अप्पांना वाटलं, चला, सुटलो. त्यांनी शेवटचं पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि हात जोडले.

कुणी उठलं नाही. सगळ्यांनी हात जोडून ठेवले होते आणि सगळ्या अप्पांकडे बघत होत्या.

“फळ?” सिंधुबाईंनी विचारलं.

प्रत्येक पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. ही पोथी वाचली तर काय मिळतं, ते तिथं स्पष्ट सांगितलेलं असतं. आजाऱ्याला आराम, नोकरी नसलेल्याला नोकरी. ते ऐकल्याशिवाय ऐकणारा उठत नाही, कारण तोवर काही मिळालेलंच नसतं. ‘निवांत’च्या शेवटी लेखकाच्या शिबिरांचे पत्ते होते. सिंधुबाईंनी पुस्तक हातात घेतलं, मागून पुढं चाळलं, उलटं धरून झटकलंसुद्धा. मग अव्वांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता आणि तो बघवत नव्हता.

अप्पांनी पुस्तकातल्या नंबरवर फोन लावला. तिकडून एका गोड आवाजानं सांगितलं की फळाची अपेक्षा सोडणं हाच या पुस्तकाचा गाभा आहे, आणि शिबिराला आलात तर जेवणासहित सवलत मिळेल. अप्पांनी रागाला येताना ओळखलं, पण या वेळी बसू दिलं नाही. ते जे बोलले ते कानावर पडू नये म्हणून शिवकांताबाई आतल्या खोलीत गेल्या.

मग ते मठात गेले. शिवप्रसाद स्वामी पान जुळवत बसले होते. अप्पांनी सगळं सांगितलं. गाडा, उदबत्ती, डास, काही लपवलं नाही. हे साधं पुस्तक आहे, तेव्हा लोकांना तसं सांगून आपण मोकळं करावं, असं त्यांनी सुचवलं. स्वामींनी पानाला चुना लावला.

“पिवळ्या कपड्यावर ठेवून इतके दिस वाचलं, आता साधं कसं?” ते म्हणाले. “फळ सांगितल्याबिगर वाचन सुटत न्हाई अप्पा. लिहिणाऱ्यानं सांगितलं नसंल तर वाचणाऱ्यानं सांगावं. आन वाचणाऱ्यानं सांगितलं तर ते देणं वाचणाऱ्याच्या माथी.”

अप्पा घरी आले आणि दुपारभर कागद घेऊन बसले. पहिली ओवी त्यांनी झोकात लिहिली. निपुत्रिकास पुत्र, निर्धनास धन. मग त्यांना स्वामींची अट आठवली आणि त्यांनी ती खोडली. हेडक्लार्कच्या हातानं त्यांनी पुढं ‘उपलब्धतेनुसार’ असं लिहिलं. तेही खोडलं, कारण ते ओवीत बसेना. आपल्या माथी आलं तर देता येईल, असं आपल्याजवळ आहे तरी काय, याचा ते विचार करत राहिले. फार काही नव्हतं. जे होतं ते त्यांनी लिहून काढलं. अव्वांची ओवी मात्र त्यांनी लिहिली नाही. मुलानं आईला न्यायचं ठरवलंय, त्यात आपण काय देणार? देवावर सोडावं. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

रविवारी मृत्युंजय गाडी घेऊन आला. पंचेचाळिशीचा, चष्मेवाला, शांत माणूस. कुणाशी भांडायला आलेला नव्हता. त्यानं अव्वांची बॅग मांडवाशेजारून नेऊन गाडीत ठेवली. जेवण झालं की निघायचं, असं त्यानं शिवकांताबाईंना हळूच सांगितलं. अव्वांनी नवं लुगडं नेसलं होतं. त्यांनी हुग्गी ढवळली, गूळ चाखला, स्वामींच्या पायांवर पाणी घातलं, आणि जाऊन पुढं बसल्या. मृत्युंजय त्यांच्या मागं खुर्ची घेऊन बसला. अप्पांनी कागद काढला.

“सिंधुबाईंच्या माठाला । पाणी भरेल वेळेला । बोअरची मोटार लावायला । राजशेखर उठेल ॥”

मांडवात खसखस पिकली. मोटार कुणी लावायची यावरून दोन्ही घरांत वर्षानुवर्षं धुसफुस होती. सिंधुबाईंनी गंभीरपणे हात जोडले. त्यांच्या लेखी एवढं स्वच्छ फळ आजवर कुठल्याच पोथीनं दिलं नव्हतं.

“लिंबाजींची मोटारसायकल । मधेच उभी राहील । कोणी काही न बोलेल । वरच्या मजल्यावरून ॥”

जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या या मोटारसायकलवरून अप्पा रोज गॅलरीतून ओरडत. लिंबाजीराव जागे होते. ते उठून उभे राहिले, नमस्कार करून खाली बसले आणि बायकोकडे पाहू लागले. आणखी दोन-तीन ओव्या झाल्या. भिशीच्या बायकांना पेन्शनीचे आणि शिधापत्रिकेचे फॉर्म भरून मिळणार होते. होस्टेलच्या मालकीणबाईंना परीक्षेच्या दिवसांत मौन, तेही हळू. अप्पांचा आवाज चढत गेला. लोक दाद देत होते आणि अप्पांना, खरं सांगायचं तर, ते आवडत होतं. मग कागद संपला. त्यांनी घडी केली.

“आन माझं, अप्पा?” अव्वांनी विचारलं.

अप्पांनी स्वामींकडे पाहिलं. स्वामी हुग्गीच्या पातेल्याकडे पाहत होते. मृत्युंजयनं घड्याळाकडे पाहिलं. अव्वांचे हात जोडलेलेच होते.

अप्पांना सगळ्यांचाच राग आला. शिबिरवाल्या लेखकाचा आला, हैदराबादचा आला, डासांचा आला. या बाईला आता काही द्यायचं म्हणजे काय द्यावं लागेल ते त्यांना लख्ख दिसत होतं. रोज. तापात, पावसात, सणावाराला, रोज. डॉक्टरांची रांग, बँकेची रांग, हैदराबादचे फोन. माणसांपासून दूर बसायला म्हणून एवढं जाड पुस्तक घेतलं, आणि त्याच्या शेवटी हे. काहीच बोलू नये, असं त्यांना मनापासून वाटलं. आणि अव्वा न्हाणीत पडल्या होत्या तेव्हा वरच आपण मोठ्यानं पेपर वाचत होतो, त्या आवाजात त्यांची हाक आपल्याला ऐकू आली नसेल, हेही वाटलं. मग ओवी वगैरे काही न करता ते बोलले.

“अव्वा, तुम्ही हितंच राहायचं. रोज सकाळी मी खाली येऊन कडी वाजवीन. तुम्ही ओ दिली की जाईन. सोमवारी समाधीला संग येईन. हे मी पुस्तकातलं न्हाई सांगायलो. माझं सांगायलो.”

मृत्युंजय खुर्चीतून उठला. त्यानं विचारलं, काका, रोज? अप्पा म्हणाले, रोज. आणि तुम्ही गावाला गेलात तर? अप्पा याला काही उत्तर देणार तोच शिवकांताबाई वाढपातून मान वळवून म्हणाल्या, मी हाय की. त्यावर सिंधुबाईंना राग आला. आम्ही काय मेलो काय, असं त्या म्हणाल्या आणि मंगळवार-बुधवार आपल्याकडे लागला असं त्यांनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं. लिंबाजीराव म्हणाले, रात्रीचं काही लागलं तर मी. मला झोपच कमी. यावर कुणी हसलं नाही, एवढी ती वेळ होती.

मृत्युंजयनं चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. “मला वाटायचं हिचं इथं कुणी नाही,” तो म्हणाला. “म्हणून नेत होतो. मला काय हौस आहे का तिला तिथं डांबायची?” अव्वांनी त्याच्या हाताला धरून त्याला शेजारी बसवलं आणि पहिली हुग्गी त्याच्या पानावर वाढायला सांगितली.

“सुटलं वाचन,” स्वामी म्हणाले आणि पानाकडे वळले.

संध्याकाळी गाडी गेली. बॅग खाली उतरवून. जाताना मृत्युंजयनं अप्पांचा नंबर घेतला, दोनदा फिरवून पाहिला, आणि गावाबाहेर पडल्यावर तिसऱ्यांदा फिरवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा चहाही न घेता खाली उतरले. अव्वांच्या दाराची कडी वाजवली. आतून आवाज नाही. पुन्हा वाजवली. काही नाही. पहिल्याच दिवशी? त्यांनी दाराला कान लावला, हाका मारल्या, दोन्ही हातांनी दार बडवलं. शेजारच्या माणसासाठी आपला जीव एवढा धास्तावू शकतो, हे त्यांना या वयात पहिल्यांदा कळलं. दार फोडायला लिंबाजीरावांना बोलवावं म्हणून ते वळले, तेवढ्यात आतून देवाची घंटी वाजली आणि त्यामागून अव्वांचा त्रासलेला आवाज आला.

“लिंगपूजेला बसलेय हो अप्पा. मधी बोलता येत न्हाई. जिती हाय. जावा वर.”

अप्पा जिन्यावर टेकले. जरा वेळानं उठून त्यांनी वर पाहिलं. गॅलरीच्या कठड्यावरून शिवकांताबाई, सिंधुबाई आणि अंगावर चादर घेतलेले लिंबाजीराव खाली वाकून बघत होते.

“हाय ना?” शिवकांताबाईंनी विचारलं.

“हाय,” अप्पा म्हणाले.